वार पुरायच्या आधी

“बाई, वार टाकू नगासा. आमच्या हाती द्या.”

१९८८ साली मी एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स, म्हणून माण तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर रुजू झाले. पहिल्याच वर्षात हे वाक्य कितीदा ऐकलं त्याची गणती नाही. म्हसवडहून माणगंगेच्या कडेनं आत गेलं की वाड्यावस्त्या लागतात. तिथं बाळंतपणं घरीच व्हायची. सुईण सगळं करायची, अडलं तरच नर्सबाईला बोलावणं यायचं. मूल रडलं, नाळ कापली, थोड्या वेळानं वार पडली, की दाराआड बसलेली आजेसासू उठायची. फुटक्या गाडग्यात वार घ्यायची, वर हळदकुंकू टाकायची आणि न्हाणीमागं खोल खड्डा करून पुरायची. कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड ठेवायची. ‘माझी नाळ तिथं पुरलीय’ असं माणूस आपल्या गावाबद्दल म्हणतो. आमच्याकडं ते नुसतं बोलणं नव्हतं, जागा दाखवता यायची.

मला त्यात तेव्हा काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. नऊ महिने जिनं लेकरू पोसलं तिला मानानं मातीत ठेवायचं, ही रीत चांगलीच आहे. तेव्हा मला एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. त्या गाडग्यातल्या वारेत आणि नाळेत बाळाचं साधारण कपभर रक्त उरलेलं असतं, आणि ते दुसऱ्या एखाद्या लेकराच्या कामी येऊ शकतं.

मी रुजू झाले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात हे जगात पहिल्यांदा घडलं. मॅथ्यू फॅरो हा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा पाच वर्षांचा मुलगा. त्याला फॅन्कोनी ॲनिमिया होता. या आजारात हाडांतला मगज रक्त तयार करणंच थांबवत जातो. त्याच्या आईला मुलगी झाली. तिच्या नाळेतलं रक्त हॅल ब्रॉक्समायर या शास्त्रज्ञानं इंडियानातल्या आपल्या प्रयोगशाळेत गोठवून ठेवलं होतं. ते पॅरिसला नेऊन डॉ. एलिआन ग्लुकमन यांनी मॅथ्यूला दिलं. सलाईन लावतात तसंच, शिरेतून. बहिणीच्या पेशी भावाच्या हाडांत जाऊन बसल्या आणि रक्त तयार करू लागल्या. तो मुलगा जगला, मोठा झाला, संसाराला लागला. इकडं मी त्याच दिवसांत कुठल्याशा वस्तीवर कंदिलाच्या उजेडात वार नीट सगळी पडली का, तुकडा आत राहिला नाही ना, हे तपासत असेन. वारेकडं मी एवढ्यासाठीच बघायची.

ही ताकद त्या कपभर रक्तात येते कुठून, ते सांगते. आपल्या अंगातल्या तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात. रोज कोट्यवधी मरतात, रोज कोट्यवधी नव्या तयार होतात. त्या तयार करणाऱ्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, मोठ्या माणसात मुख्यतः हाडांच्या मगजात असतात. गर्भात मात्र त्या रक्ताबरोबर फिरत असतात. म्हणून जन्माच्या वेळी नाळेतल्या रक्तात त्या भरपूर सापडतात. शिरेतून दिल्या की त्या आपली जागा आपण शोधतात. सांजेला मेंढरं जशी न हाकता वाडग्याकडं वळतात, तशा या पेशी रक्तातून फिरत फिरत हाडांच्या मगजात शिरतात आणि तिथं ठाण मांडतात.

रक्त घ्यायची रीत अगदी साधी आहे. मूल बाहेर आलं, नाळेला चिमटे लावले, कापली, मूल आईच्या छातीवर दिलं. आता वारेकडं जी नाळ उरली तिच्यातल्या जाड शिरेत सुई घालायची आणि रक्तदानाच्या पिशवीसारखीच छोटी पिशवी खाली धरायची. रक्त आपल्या वजनानं पाच-दहा मिनिटांत उतरतं. आईला दुखत नाही, बाळाला कळतही नाही, कारण ती नाळ आता बाळापासून सुटलेली असते. आईच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोग वगैरेंसाठी तपासणी होते. पिशवी दोन दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोचावी लागते. तिथं नको ते काढून टाकतात आणि पेशी उणे १९६ अंशाला द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. हे ऐकून आमच्या बायका म्हणतात, बाई, हे कसलं मोठं यंत्र असेल! मी त्यांना सांगते, गाय माजावर आली की जनावरांचा डॉक्टर मोटारसायकलला जो धूर निघणारा डबा बांधून आणतो ना, तोच हा नायट्रोजन. खिलार गाईला ज्याचा उपयोग आपण इतकी वर्षं करतोय, तोच माणसाच्या लेकराला.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहायचा मला हक्क नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका खासगी कंपनीनं जिल्ह्याच्या ठिकाणी हॉटेलात आम्हा परिचारिकांचा कार्यक्रम ठेवला. जेवण होतं, पिशवी होती, पडद्यावर हसरी बाळं होती. सांगणाऱ्यानं सांगितलं की नाळेतलं रक्त जपून ठेवलं की बाळाचा आयुष्याचा विमा झाला. पुढं कॅन्सर होवो, मधुमेह होवो, मेंदूचा आजार होवो, त्याचंच रक्त त्याला कामी येईल. ऐंशी आजार बरे होतात म्हणून यादी दाखवली. मी भारावले. आपल्या हातून इतकी वर्षं केवढं सोनं मातीत गेलं, असं वाटून गेलं. गावी परतल्यावर एका घोंगडीवाल्याच्या घरी सून सातव्या महिन्यात होती, तिला आणि तिच्या सासऱ्यांना मीच ते पटवलं. बाळंतपण शहरात करायचं ठरलंच होतं. रक्कम साठ हजारांच्या वर होती, हप्त्यानं. सासऱ्यांनी पहिल्या हप्त्यासाठी आटपाडीच्या बाजारात मेंढरं विकली. माझ्या शब्दावर.

पुढं दुष्काळाचं साल आलं. हप्ते थकले, कंपनीची पत्रं येऊ लागली. सासरे पत्र घेऊन माझ्याकडं आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “बाई, ह्या रक्ताचा आमच्या नातवाला उपेग किती, ते एकदा खरं सांगा.” मी तेव्हा प्रथम नीट वाचायला बसले. डॉक्टरांना विचारलं, पुण्यात कामाला असलेल्या भाचीकडून कागद मागवले. आणि जे कळलं त्यानं माझी झोप उडाली.

बाळाला जन्मजात रक्ताचा आजार असेल, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल, तर त्याच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो. त्या परत दिल्या तर आजारच परत दिला. रक्ताच्या कॅन्सरचंही बरंचसं तसंच. काही मुलांत त्या कॅन्सरची सुरुवात जन्माच्या आधीच झालेली आढळते, आणि दुसऱ्याच्या पेशी कॅन्सरशी जी लढाई करतात ती स्वतःच्या पेशी करत नाहीत. म्हणजे ज्या आजारांची यादी दाखवून विमा विकला, त्यातल्या बहुतेक आजारांत लागतं ते दुसऱ्याचं रक्त. स्वतःचं नव्हे. मधुमेह, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम यांचं तर अजून संशोधनच चाललं आहे, त्यावर हा मान्यताप्राप्त उपचार नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्टच लिहिलं आहे. पुढं स्वतःला लागेल म्हणून नाळरक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. घरात आधीच एखादं आजारी मूल असेल आणि त्याला या रक्ताचा उपयोग होणार असेल, तर गोष्ट वेगळी. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१८ मध्ये अशीच भूमिका घेतली: खासगी साठवणीपेक्षा सार्वजनिक बँक बरी. नाळेचा तुकडा, दातातला मगज, पाळीचं रक्त यांच्या धंदेवाईक साठवणीला तर २०१७ च्या तत्त्वांनी परवानगीच दिलेली नाही. नाळरक्ताच्या बँकांना २०११ च्या अखेरीस औषधविषयक नियमांत बदल होऊन परवाना लागू झाला, हे चांगलं झालं. पण परवान्यानं एवढंच कळतं की साठवण नीट होते. तुमच्या घराला त्याची गरज आहे की नाही, हे परवाना सांगत नाही. माहितीपत्रकात हा फरक मला कुठंच दिसला नाही.

मी त्या सासऱ्यांना हे सगळं सांगितलं. माझं चुकलं, असं मी म्हणाले. ते बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, “म्हंजी आपलं आपल्याला न्हाय, दुसऱ्याच्या कामाचं. मग ते दुसऱ्यालाच का देत न्हाईत?”

मेंढरं राखून जन्म गेलेल्या माणसानं एका वाक्यात विचारलेल्या या प्रश्नाभोवती सगळ्या जगातली चर्चा फिरते आहे.

म्हसवडच्या माणसाला बँक म्हणजे काय हे वेगळं शिकवायला नको. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांनी इथल्या बायकांना घेऊन बँक काढायची ठरवली तेव्हा अंगठेबहाद्दर बायका बँक कशी चालवणार म्हणून रिझर्व्ह बँकेनं अर्ज नाकारला होता. बायका अक्षरं शिकल्या, परत गेल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवला आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिथं एकीनं ठेवलेल्या पैशावर दुसरीची शेळी येते, तिसरीचं शिलाई मशीन येतं. पैसा पडून राहत नाही म्हणून ती बँक. त्या खासगी कंपनीनं आम्हाला बँक म्हणून जे विकलं ते खरं तर लॉकर होतं. माझं माझ्यापाशी कुलपात, भाडं भरत राहायचं, आणि बहुधा कधी उघडायचंच नाही.

सार्वजनिक नाळरक्त बँक पहिल्यासारखी असते. आई रक्त दान करते, पैसे देत नाही, घेत नाही. पिशवीवर नावाऐवजी क्रमांक लागतो. पेशींची ओळख नोंदवतात आणि जगात कुठल्याही डॉक्टरला ती यादी शोधता येते. ज्याला जुळेल त्याचं ते रक्त. न्यूयॉर्क ब्लड सेंटरनं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. पाब्लो रुबिनस्टाइन यांच्या पुढाकारानं अशी पहिली बँक सुरू केली. तेव्हापासून जगभरात ४० हजारांहून जास्त रुग्णांना नाळरक्त दिलं गेलं आहे, त्यातलं पुष्कळसं अशा अनोळखी आयांनी दिलेलं. आपल्या देशात चेन्नईच्या ‘जीवन’ या धर्मादाय रक्तपेढीनं हे काम अंगावर घेतलं होतं. पण एकेका पिशवीच्या तपासणीला आणि साठवणीला मोठा खर्च येतो, तो देणाऱ्याकडून घ्यायचा नाही, आणि आपल्याकडं सरकारी आधार तुटपुंजा. म्हणून दानाच्या बँका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि लॉकर मात्र शहराशहरांत.

आता जुळण्याबद्दल. रक्तगट जुळला की झालं, असं आपल्याला वाटतं. मूळपेशींना तेवढं पुरत नाही. पेशींवर एचएलए नावाच्या खुणा असतात, निम्म्या आईकडून, निम्म्या बापाकडून आलेल्या. सख्ख्या भावंडांत त्या पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. परक्या मोठ्या माणसाकडून मगज घ्यायचा तर जवळजवळ सगळ्या खुणा जुळाव्या लागतात. नाळरक्ताचं वेगळेपण इथं आहे. नवजात बाळाच्या पेशी अजून परक्या अंगाशी भांडायला शिकलेल्या नसतात, त्यामुळं मुख्य सहापैकी चार खुणा जुळल्या तरी बऱ्याचदा चालतं. २०१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मिश्र वंशाच्या एका स्त्रीला रक्ताच्या कॅन्सरसाठी असंच अर्धवट जुळणारं नाळरक्त दिलं. तिला एचआयव्हीही होता, आणि त्या नाळरक्ताच्या पेशी एचआयव्हीला दाद न देणाऱ्या होत्या. २०२२ मध्ये डॉक्टरांनी जाहीर केलं की तिच्या अंगात तो विषाणू सापडत नाही.

पण या खुणा वंशावळीनं चालतात. आपल्याकडं शतकानुशतकं सोयरिकी जातीत, भावकी-पाहुण्यांत, ठरल्या पंचक्रोशीत होत आल्या. त्यामुळं आपल्या खुणांचे गुच्छही आपापले आहेत. आमच्याकडच्या धनगराच्या, माळ्याच्या, रामोशाच्या, मराठ्याच्या पोराला जुळणारी पिशवी न्यूयॉर्कच्या टाकीत सापडायची आशा फार थोडी. ती इथल्याच कुणाच्या तरी नाळेत असणार. आणि इथला माणूस म्हणजे काय फक्त इथंच आहे? माणदेशी माणूस पोटासाठी मुंबईच्या गोद्यांत आणि मार्केटांत गेला, सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यानं केरळापासून बंगालपर्यंत पांगला. त्याच्या लेकीसुना मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत बाळंत होतात.

म्हणून माझं मत असं आहे, आणि मी ते विचार करून लिहिते आहे. म्हसवडच्या दवाखान्यात नाळरक्त गोळा करायचा हट्ट आपण धरू नये. पिशवी दोन दिवसांत पोचवायची, शिकलेला माणूस चोवीस तास हवा, आणि दान आलेल्या पुष्कळ पिशव्या पेशी कमी भरल्या म्हणून बाद होतात. दिवसाला एखादं बाळंतपण होणाऱ्या ठिकाणी हे परवडत नाही. मुंबई-पुण्याच्या ज्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत रोज ढिगानं बाळंतपणं होतात, तिथं राज्याची एक सार्वजनिक बँक उभी राहावी. तिच्यामागं जनमत मात्र म्हसवडनंही उभं करावं, कारण तिथं बाळंत होणारी सून आपलीच असते आणि पिशवी शोधणारं पोरही आपलं असू शकतं.

डॉक्टर मंडळी आता एक आक्षेप घेतात, तोही खरा आहे. गेल्या काही वर्षांत निम्म्या खुणा जुळणाऱ्या आई-बापाकडून मगज घेऊन प्रत्यारोपण करण्याचं तंत्र चांगलं बसलं आहे. तेव्हापासून नाळरक्ताची गरज पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. शिवाय कपभर रक्तातल्या पेशी लहान मुलाला पुरतात, मोठ्या माणसाला कमी पडतात. हे लपवून दान मागायचं नाही. ज्या लेकराला घरात देणारा कुणी नाही, त्याच्यासाठी तयार गोठवलेली पिशवी ही आजही मोठी गोष्ट आहे. पण तिच्यासाठी गावोगाव टाक्या बांधायची गरज नाही, एक चांगली चालवलेली पुरे.

आणि याहून मोठी एक गोष्ट मला नर्स म्हणून सांगायची आहे. मूल बाहेर आलं की नाळ लगेच कापायची नाही. निदान एक मिनिट, शक्यतो दोन-तीन मिनिटं थांबायचं. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते, आपल्या सरकारचा ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमही हेच सांगतो. त्या वेळात वारेतलं रक्त बाळाच्या अंगात उतरतं आणि पुढचे काही महिने त्याला लोह पुरतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांना रक्त कमी आढळलं. माण-खटावच्या दुष्काळी वस्तीतल्या लेकराला ते रक्त आधी मिळालं पाहिजे. पिशवी भरावी म्हणून कुणी घाईनं चिमटा लावत असेल तर त्याचा हात धरा. बाळाचा वाटा देऊन जे उरेल ते दान, असाच क्रम असला पाहिजे. नीट चालवलेल्या सार्वजनिक बँका असंच करतात, आणि मग पिशवीत थोडं कमी उतरलं तर उतरू दे.

एका घराची गोष्ट सांगते, नावगाव सोडून. थोरल्या मुलीला थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी एसटीनं शहरात जायचं, रक्त चढवायचं, परत यायचं. आईबाप दोघंही वाहक आहेत हे मुलगी आजारी पडल्यावर कळलं. आपल्या देशात दर शंभरात तीन-चार माणसं थॅलेसेमियाची वाहक असतात, त्यांना स्वतःला काही होत नाही, म्हणून कळत नाही. तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा ती तिसऱ्या महिन्यात माझ्याकडं आली. या वेळी मी कुठलंही माहितीपत्रक दिलं नाही. पुण्याला तज्ज्ञ डॉक्टरांकडं पाठवलं. गर्भाची तपासणी झाली, बाळाला आजार नव्हता. बाळंतपणात नाळरक्त थोरलीसाठी घेतलं गेलं. घरात आजारी मूल असताना ते घेणं अगदी रास्त होतं. पण खुणा जुळल्या नाहीत. चारात एक म्हणजे चारातले तीन नाहीत. थोरली अजून रक्त चढवायला जाते. धाकट्याचं बोट धरून जाते.

त्या आईनं मला विचारलं होतं, “बाई, जगात कुणाचं तरी जुळत असंल की?” असेल. पण ते कुठल्या यादीत नाही. तिच्या मुलीला जुळणारी वार कुठल्या तरी न्हाणीमागं दगडाखाली गेली, नाहीतर दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेली.

अशा घरांसाठी काही दारं उघडली आहेत, ती माहीत असावीत. मुंबईत बोरिवलीला महापालिकेचं थॅलेसेमिया आणि बोनमॅरो प्रत्यारोपणाचं केंद्र आहे. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून प्रत्यारोपणासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. आणि हे सारं आपल्याला फार परकंही नाही. देशातलं पहिलं बोनमॅरो प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं, मॅथ्यू फॅरोच्याही पाच वर्षं आधी.

लोक तयार होतील का, असं मला शहरातले लोक विचारतात. वारेशी भावना जोडलेल्या असतात, गावाकडची माणसं नाही म्हणतील, असा त्यांचा समज. मी नोकरीला लागले तेव्हा ताज्या नाळेवर राख आणि शेण लावायचे. विळ्यानं नाळ कापायचे. धनुर्वातानं आठव्या दिवशी मूल जायचं. आम्ही बायकांच्या पंगतीत बसलो, सुईणींना शत्रू न मानता हाताशी धरलं, उकळलेला दोरा आणि नवं पातं दाखवलं. शेण बंद झालं. २०१५ मध्ये भारत नवजात बाळांच्या धनुर्वातातून मुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं, त्यात आमच्या भागातल्या अंगठा लावणाऱ्या सुईणींचाही हात आहे. माणूस रीत बदलतो. त्याला खरं सांगावं लागतं, आणि सांगणाऱ्यानं त्यात स्वतःचा नफा ठेवायचा नसतो.

वार आणि नाळरक्त यांत निवड करावीच लागत नाही, हेही मी बायकांना सांगते. रक्त उतरवून घेतल्यावर वार तशीच राहते. ज्यांना पुरायची असेल त्यांनी दवाखान्याच्या नियमात बसत असेल तर न्यावी, हळदकुंकू वाहावं, दगड ठेवावा. एका आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मग काय बिघडलं? नाळ आपल्या मातीत, रगत लेकरात.”

राज्यानं बँक काढेपर्यंत आपण हात बांधून बसायचं कारण नाही. लग्न ठरताना, निदान दिवस राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत नवराबायकोची थॅलेसेमियाची तपासणी करून घ्या. घरात रक्ताच्या आजाराचं मूल असेल तर बाळंतपणाच्या खूप आधी तज्ज्ञ डॉक्टरांना सांगा. ‘आयुष्याचा विमा’ म्हणून कुणी कागद पुढं केला तर सही करायच्या आधी बालरोगतज्ज्ञाला दाखवा, आणि कर्ज काढून तर मुळीच सही करू नका. म्हसवडला स्वतःचा सामुदायिक रेडिओ आहे, माणदेशी तरंग वाहिनी. या विषयावर आमच्याच बोलीत, आमच्याच सुईणी आणि आशाताई बोलल्या तर जे पटेल ते शहरातल्या जाहिरातीनं पटणार नाही.

आणि तरण्या पोरांसाठी एक गोष्ट. नाळ तर तुमची कधीच पुरली गेली. पण तुमच्या हाडांतला मगज जिवंत आहे. साधारण १८ ते ५० वयाच्या निरोगी माणसाला बोनमॅरो दात्यांच्या यादीत नाव घालता येतं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, एवढाच नमुना. पुढं कधी कुणाशी जुळलंच तर पाच दिवस इंजेक्शनं घेऊन हाताच्या शिरेतून काही तासांत पेशी काढून घेतात, त्या पुन्हा भरून येतात. जगात अशा यादीत चार कोटींच्या वर माणसं आहेत, आणि एवढ्या मोठ्या आपल्या देशातली त्यात काही लाखच.

आमच्याकडं जयंतीला, वाढदिवसाला, गणपतीत रक्तदानाची शिबिरं होतात, पोरं रांगा लावतात. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला लाखो माणसं म्हसवडात येतात, गुलालानं रस्ते लाल होतात. येत्या यात्रेत रक्तदानाच्या मांडवात एक टेबल गालाच्या नमुन्याचं ठेवा, अशी मंडळांना आणि नगरपालिकेला माझी विनंती आहे. दात्यांची यादी ठेवणाऱ्या संस्था माणसं आणि किट पाठवतात. त्या टेबलावर बसायला मी येईन, सकाळपासून रथ मुक्कामी परतेपर्यंत.